मद्य व अफूजन्य द्रव्यांच्या अवलंबनावरील औषधयोजना

एका मादक द्रव्याच्या पाशातून रुग्णास सोडविण्यासाठी त्याच वर्गातील दुसरे द्रव्य त्यास नित्य द्यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. मेथाडोन व बुप्रेनॉर्फिन या औषधांविषयी वैद्यकव्यवसायात आणि व्यसनमुक्तीच्या कार्यात जो संशय दीर्घकाळ वावरत आला आहे, त्याचे मूळ येथेच आहे. शरीर सर्व द्रव्यांपासून मुक्त होणे म्हणजेच व्यसन सुटणे, अशी व्याख्या गृहीत धरल्यास हा संशय रास्तही ठरतो. ती व्याख्या कितपत टिकते, हे या औषधांची क्रिया व त्यांचा प्रत्यक्ष अनुभव यांवरूनच ठरविले पाहिजे.

मद्यासक्तीवरील आधुनिक औषधांपैकी सर्वांत जुने डायसल्फिराम होय. त्याच्याशी साम्य असलेल्या रसायनांशी रबर-उद्योगात ज्यांचा संबंध येतो त्या कामगारांना मद्य सोसत नाही, ही गोष्ट अमेरिकेत १९३७ मध्येच नोंदविली गेली होती. परंतु तिचा उपयोग कोणास सुचला नाही. पुढे कोपनहेगन येथे येन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरील उपाय म्हणून डायसल्फिरामचा अभ्यास करीत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि त्यानंतर मद्यपान करताच झालेल्या त्रासावरून त्यांना त्याच्या गुणाचा उलगडा झाला. १९४८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मद्यार्काचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइडमध्ये व मग ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. यांपैकी दुसरी पायरी ज्या विकरामुळे घडते, ते विकर डायसल्फिराम निकामी करते. परिणामी ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळ व ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेल्या मनुष्याच्या हे प्राणांवर बेतू शकते, आणि औषध थांबविल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. काही घरांतून ही गोळी मद्यप्याच्या नकळत चहात वा भाजीत मिसळली जाते. ही रीत घातक तर आहेच, शिवाय ती औषधाच्या तत्त्वालाच सोडून आहे. डायसल्फिराम मद्याची ओढ कमी करीत नाही. ते रुग्णाला असलेल्या जाणिवेतून, म्हणजे प्याल्यास काय होईल या भयातून, कार्य करते.

यामुळे त्याच्या परीक्षणात एक चमत्कारिक अडचण उद्भवते. अमेरिकेत ६०५ माजी सैनिकांवर केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पूर्ण मात्रा, नाममात्र मात्रा व औषधाचा अभाव असे तीन गट केले होते. अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट, मुंबई येथे अविनाश व ॲलन डिसोझा यांनी १०० पुरुष रुग्णांवर एक वर्ष केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के मद्यापासून दूर राहिले, तर नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यांपैकी केवळ ४४ टक्के. मद्याची ओढ मात्र नाल्ट्रेक्झोनच्या गटातच कमी होती. कोण कोणते औषध घेत आहे हे या प्रयोगात गुप्त ठेवलेले नव्हते, हा दोष कोणीही दाखवील. पण जे औषध माहीत असण्यानेच गुणकारी ठरते, त्याच्या बाबतीत हा दोष कितपत मानावा, हाही प्रश्नच आहे. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, मुंबईच्या रुग्णांना कुटुंब होते आणि गोळी नियमितपणे घेतली जाते की नाही यावर घरातील मनुष्याचे लक्ष होते. एकट्या पडलेल्या रुग्णास हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

नाल्ट्रेक्झोन व अॅकॅम्प्रोसेट ही दोन औषधे भयावर अवलंबून नाहीत. मद्यपानानंतर मेंदूत जी अंतर्जात अफूसदृश द्रव्ये स्रवतात, त्यांचा मार्ग नाल्ट्रेक्झोन अडविते, त्यामुळे पिण्यातील सुखाची धार बोथट होते. अॅकॅम्प्रोसेटची क्रिया अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. मद्य सोडल्यानंतरची दीर्घकाळची अस्वस्थता ते शमविते, असे मानतात. दोन्हींचे परिणाम मध्यम प्रतीचे असले तरी खरे आहेत, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्यासक्तीसाठी त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

अफूजन्य द्रव्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा होतो, कारण तेथे उपचाराच्या अपयशाचा अर्थ पुष्कळदा मृत्यू असा असतो. हेरॉइनचा, म्हणजे महाराष्ट्रात 'गर्द' या नावाने परिचित झालेल्या द्रव्याचा, अंमल काही तासांत ओसरतो. त्यानंतर अंगदुखी, जुलाब, घाम, निद्रानाश यांचा जो त्रास सुरू होतो त्यास मुंबईच्या रस्त्यावर 'टर्की' म्हणतात. रुग्णाचा दिवस धुंदी व टर्की यांच्यामध्ये हेलकावे खात असतो, आणि पुढील मात्रेची सोय करण्यातच तो खर्ची पडतो. व्हिन्सेंट डोल व मारी नायस्वँडर यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत नेमक्या याच हेलकाव्याकडे लक्ष दिले. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मेथाडोनची क्रिया मंद व दीर्घ असल्याने दिवसाकाठी तोंडावाटे एकच मात्रा पुरते. स्थिर मात्रेवर आलेल्या रुग्णास ना धुंदी येते, ना टर्की लागते, आणि वर हेरॉइन घेतले तरी त्याचा प्रभाव फारसा जाणवत नाही. मात्र आरंभीच्या काही आठवड्यांत मात्रा घाईने वाढविल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

बुप्रेनॉर्फिनमध्ये हा धोका बराच कमी आहे. चेतापेशींवरील ज्या ग्राहींना हेरॉइन चिकटते त्यांनाच तेही चिकटते, किंबहुना अधिक घट्टपणे. परंतु त्यांना ते अंशतःच उद्दीपित करते. त्यामुळे मात्रा वाढविली तरी विशिष्ट मर्यादेपलीकडे श्वसनावरील परिणाम सहसा वाढत नाही. झोपेच्या गोळ्या वा मद्य यांची जोड मिळाल्यास मात्र ही मर्यादा सुरक्षित राहत नाही. याच घट्ट बंधामुळे अंगात हेरॉइन असतानाच पहिली गोळी दिल्यास ते बाजूला सारले जाऊन एकाएकी तीव्र टर्की लागते. म्हणून लक्षणे सुरू होईपर्यंत थांबावे लागते.

'एका व्यसनाऐवजी दुसरे' या आक्षेपाची जितकी स्पष्ट परीक्षा स्टॉकहोम येथे झाली, तितकी क्वचितच झाली असेल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ४० व्यक्तींना समुपदेशन व देखरेख सारखीच दिली होती. निम्म्यांना वर्षभर बुप्रेनॉर्फिन मिळाले. उरलेल्या निम्म्यांना सहा दिवसांत ते कमी करीत नेऊन पुढे औषधरहित गोळी दिली. वर्षाअखेर पहिल्या गटातील ७५ टक्के रुग्ण उपचारात टिकून होते, दुसऱ्यातील एकही नाही. दुसऱ्या गटातील २० जणांपैकी चौघे वर्षभरात मृत्यू पावले. पहिल्यातील कोणीही नाही. शरीर द्रव्यमुक्त झाले की त्याची सहनशक्ती नाहीशी होते, आणि पूर्वी पचलेली मात्राच मग प्राणघातक ठरते. कारागृहातून वा मुक्तिकेंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे असतात.

क्लोनिडीन हे रक्तदाबावरील औषध एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो. तेवढ्यावरून ते घेणाऱ्यास कोणी व्यसनी म्हणत नाही. औषध थांबविता त्रास होणे ही शरीराची सवय झाली. हानी दिसत असूनही द्रव्याच्या मागे धावत राहणे हे व्यसन होय. मेथाडोन वा बुप्रेनॉर्फिन पहिली गोष्ट कायम ठेवून दुसरी थांबविते. ज्यास पहिलीही नको असेल त्याच्यासाठी नाल्ट्रेक्झोनचे मासिक इंजेक्शन आहे. परंतु त्यापूर्वी कित्येक दिवस सर्व अफूजन्य द्रव्ये बंद ठेवावी लागतात. अमेरिकेतील ५७० रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात या उंबरठ्यावरच २८ टक्के रुग्ण गळले; बुप्रेनॉर्फिनच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते.

औषधाइतकाच ते देण्याच्या नियमांचाही परिणाम होतो. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यास कोणाही सामान्य डॉक्टरास बुप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. मेथाडोनचाही विस्तार झाला. १९९५ ते १९९९ या काळात हेरॉइनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू तेथे ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने २००० च्या कायद्याने विशेष प्रशिक्षण व परवानगी यांची अट घातली आणि डॉक्टरामागे ३० रुग्णांची मर्यादा ठेवली. वेदनेसाठी याहून जहाल अफूजन्य औषधे लिहून देणाऱ्यावर मात्र संघराज्याच्या कायद्याने असे बंधन नव्हते. ती परवानगीची अट रद्द होण्यास डिसेंबर २०२२ उजाडावे लागले.

भारतात बुप्रेनॉर्फिनचा सार्वजनिक कार्यक्रम मुख्यतः एड्सनियंत्रणाच्या पोटी जन्मास आला. त्यामुळे सुईने द्रव्य घेणारा हाच त्याचा मूळ लाभार्थी ठरला, आणि गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवून घेण्याची पद्धत रूढ झाली. औषध बाहेर विकले जाऊ नये हा तीमागील हेतू योग्य आहे. पण रोजंदारीवर जाणाऱ्या मजुरास प्रत्येक सकाळी केंद्र गाठावे लागणे म्हणजे औषध आणि मजुरी यांतून एकाची निवड करणे होय. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य द्रव्यांसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख होती, आणि त्यांतील सुईने द्रव्य घेणारे हा लहानसा अंश होता. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्याच सर्वेक्षणात आढळले.