दूरचा प्रवास आणि हिशेबाची वही



एखाद्या कुटुंबानें दोन-अडीच महिने घराला कुलूप लावून तीन-चार देश पाहावयास निघणें ही आतां केवळ धनिकांची गोष्ट राहिलेली नाहीं. सांठवून ठेवलेली रजा, मुलांची सुटी आणि कित्येक वर्षांची शिल्लक यांची सांगड घालून मध्यम स्थितींतील माणसेंही असा बेत आखतात. आणि हिशेबाची खरी गरज यांनाच असते. कारण त्यांची पुंजी मोजकी असते आणि ती संपली म्हणजे प्रवासही संपतो.

"सर्व पावत्या जपून ठेवूं आणि घरीं गेल्यावर एकूण किती खर्च झाला तें पाहूं," असें पुष्कळजण म्हणतात. पावत्या जपाव्या हें बरें. पण घरीं परतल्यावर केलेला हिशेब म्हणजे पीक कापून नेल्यावर घातलेलें कुंपण होय. प्रवासांतील जमाखर्चाचा हेतु किती पैसे गेले हें कळावें एवढाच नाहीं. पुढें किती दिवस, कोणत्या देशांत, कशा रीतीनें राहतां येईल हें वेळींच कळावें, हा आहे. दहाव्या दिवशीं जें कळल्यानें अकराव्या दिवसाची वागणूक बदलतां येते, तें सांगणारी वही ती खरी वही.

महिन्याचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्या गृहिणीला वाटेल, यांत नवें तें काय? नव्या गोष्टी तीन आहेत. घरीं नाणें एकच असतें; येथें तें सरहद्दीगणिक बदलतें. घरीं पैसे द्यावयाचे आणि वस्तु वापरावयाची यांत फारसें अंतर नसतें. येथें तिकिटाचे पैसे चार महिने आधीं जातात आणि उपयोग मागाहून होतो. घरीं महागाई सावकाश बदलते. येथें विमानांतून उतरतांच ती दुप्पट-तिप्पट होते. या तीन गोष्टींची व्यवस्था लावली कीं बाकीचें काम घरच्यासारखेंच आहे.

शेवटल्या गोष्टीपासून आरंभ करूं आणि त्यासाठीं एक उदाहरण घेऊं. यांतील रकमा व हुंडणावळीचे दर केवळ गणितासाठीं कल्पिलेले आहेत. समजा, आईबाप व दोन मुलें असें पुण्याचें एक कुटुंब ७५ दिवसांच्या प्रवासास निघालें आहे: २५ दिवस थायलंड, ३० दिवस व्हिएतनाम आणि शेवटीं २० दिवस जपान. त्यांच्याजवळ १५ लाख रुपये आहेत. विमानाचीं तिकिटें, व्हिसा व विमा यांत ५ लाख निघण्यापूर्वींच गेले. आजारपण किंवा अकस्मात् परत फिरण्याची वेळ यांसाठीं अडीच लाख वेगळे ठेवले. हे अडीच लाख हातचे राखलेले आहेत. दररोजच्या बेरीज-वजाबाकींत त्यांचें नांवही येतां कामा नये. उरले साडेसात लाख. ७५ दिवसांनीं भागले म्हणजे दिवसाला १०,००० रुपये आले.

हा दहा हजारांचा आकडा बिनचूक आहे आणि तरीही तो घात करतो. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे असें म्हणतात. पण या प्रवासांत प्रत्येक देशागणिक अंथरुणाची लांबी बदलत असते. राहणें, जेवण आणि स्थानिक प्रवास यांचे भाव निघण्यापूर्वीं पाहून या कुटुंबानें अंदाज बांधला कीं, थायलंडांत दिवसाला ८,०००, व्हिएतनामांत ६,००० आणि जपानांत १८,५०० रुपये लागतील. म्हणजे अनुक्रमें दोन लाख, एक लाख ८० हजार आणि तीन लाख ७० हजार; बेरीज पुन्हा साडेसात लाखच. आतां व्हिएतनामांत हें कुटुंब दिवसाला ९,००० खर्च करूं लागलें तर काय होईल? सरसकट सरासरी मानणारा म्हणेल, "वाहवा! आपण दहा हजारांच्या आंत आहों." वस्तुतः तो रोज तीन हजार, म्हणजे ३० दिवसांत ९० हजार रुपये पुढल्या देशाच्या वांट्यांतून उचलीत असतो. हे ९० हजार म्हणजे जपानचे जवळजवळ पांच दिवस होत. क्योटोचीं मंदिरें पाहण्याचे दिवस हनोईच्या खानावळींत, नकळत, आधींच खर्चून गेलेले असतात. म्हणून सरासरी देशवार काढावी आणि एक देश सोडतांना त्याचें खातें मिटवून उरलेली किंवा चढलेली रक्कम पुढल्या देशाच्या खात्यावर ओढावी. थायलंडांत २,१२,५०० खर्च झाले असतील, तर साडेबारा हजारांचा चढ कोठें भरून काढावयाचा हें व्हिएतनामच्या पहिल्याच दिवशीं ठरवितां येतें.

आतां नाण्याचा प्रश्न. खर्च टिपतांना तो त्या देशाच्याच चलनांत टिपावा. बाजारांत उभ्याउभ्या मनांत रुपये करूं गेलें कीं चूक होते. विशेषतः व्हिएतनामांत, जेथें एकेक नोट ५,००,००० डोंगची असते आणि तिचा रंग २०,००० डोंगच्या नोटेशीं सहज गल्लत व्हावी इतका जुळता असतो. शून्यें मोजून मूळचा आकडा लिहावा. रुपये रात्रीं करावे.

पण कोणत्या दरानें? वर्तमानपत्रांत किंवा मोबाइलवर दिसणारा दर हा आपला दर नव्हे. समजा, बाथचा छापील दर २ रुपये ७० पैसे आहे. आपण यंत्रांतून १०,००० बाथ काढले. थायलंडांतील यंत्रें परदेशी कार्डावर प्रत्येक वेळीं २०० बाथहून अधिक आकार घेतात. शिवाय आपली बँक आपली टक्केवारी लावते. घरच्या खात्यांतून एकंदर २८,४०० रुपये वजा झाले, तर आपणांस एक बाथ २ रुपये ८४ पैशांना पडला. पुढें एकदम २०,००० बाथ काढले व ५६,००० रुपये गेले. तर एकंदर ३०,००० बाथ ८४,४०० रुपयांना, म्हणजे सुमारें २ रुपये ८१ पैसे दरानें पडले. त्या देशांतील रोख खर्चास हाच दर लावावा. यानें बँकेचा आकार निराळा लिहिण्याची यातायात वाचते आणि थोडेथोडे पैसे वारंवार काढणें किती महाग पडतें हेंही आपोआप उघड होतें.

कार्डानें पैसे देतांना कधीं कधीं यंत्रच विचारतें कीं, "रक्कम रुपयांत घ्यावी कीं येथील चलनांत?" रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून मोह होतो, पण त्या सोयीची किंमत चढ्या दरानें वसूल केलेली असते. उत्तर नेहमीं स्थानिक चलन असेंच द्यावें. कार्डाचा खर्च वहींत त्याच दिवशीं टिपावा आणि रुपयांचा अखेरचा आकडा बँकेच्या उताऱ्यावर आला म्हणजे तो भरावा. या उताऱ्याच्या तारखांकडे मात्र लक्ष असूं द्यावें. टोकियोचें घड्याळ आपल्याहून साडेतीन तास पुढें आहे. तेथें मध्यरात्रीनंतर एक वाजतां दिलेले पैसे आपल्याकडील आदल्या रात्रीं साडेनऊचे ठरतात. एकच खर्च दोन तारखांनीं दोनदां लिहिला जातो तो असा.

यानंतर आगाऊ दिलेल्या पैशांची गोष्ट. हनोईंत सहा रात्रींचें भाडें १८,००० रुपये पहिल्याच दिवशीं दिलें. तें त्या दिवसाखालीं लिहिलें तर तो दिवस भयंकर महाग दिसतो आणि पुढील पांच दिवस इतके स्वस्त दिसतात कीं हात सैल सुटतो. यावर आपल्या पेढीवरील जुनी रीत अगदीं उपयोगी पडते. रोजकीर्दींत व्यवहार ज्या दिवशीं घडला त्या दिवशीं लिहितात. खतावणींत तोच व्यवहार ज्या खात्याचा असेल त्या खात्यावर नेतात. प्रवाशानेंही तसेंच करावें. रोजकीर्दींत १८,००० एकाच दिवशीं. खतावणींत सहा दिवसांवर तीन-तीन हजार. पहिलीवरून खिशांत काय उरलें तें कळतें, दुसरीवरून राहणीचा खरा भाव कळतो. दोन्ही प्रश्न निराळे आहेत आणि एकाचें उत्तर दुसऱ्यास चालत नाहीं.

असा विचार केल्यानें खरेदीचा निर्णयही सुधारतो. जपानमधील परदेशी प्रवाशांसाठीं असलेला सात दिवसांचा साधा रेल्वे-पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनांस मिळत असे. त्या महिन्यांत तो ५०,००० येन झाला. टोकियोहून क्योटोपर्यंत वेगवान गाडीचें एका बाजूचें भाडें सुमारें १४,००० येन आहे; जाऊन येऊन २८,०००. तेव्हां ज्याला एवढाच प्रवास करावयाचा आहे त्यानें पूर्वीं पास घेणें जवळजवळ बरोबरीचें होतें; आतां तें सरळ नुकसानीचें आहे. जुनीं प्रवासवर्णनें वाचून पास घेणाऱ्यास हें कळत नाहीं. पासाची किंमत त्याच्या दिवसांवर आणि प्रत्यक्ष होणाऱ्या प्रवासावर वाटून पाहणाऱ्यास तत्काळ कळतें.

कांहीं रकमा जातात, पण त्या खर्च नव्हेत. हाही भेद ध्यानांत ठेवावा. बँकेतून रोकड काढणें हा खर्च नव्हे, ती एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेली. जपानांत आगगाडीसाठीं जीं पैसे भरावयाचीं कार्डें मिळतात, त्यांत भरलेले पैसे गाडींत बसेपर्यंत आपलेच असतात. हॉटेलवाल्यानें अनामत म्हणून घेतलेली रक्कम हें येणें होय. त्याचप्रमाणें परदेशप्रवासाचें पॅकेज घेतांना किंवा नियमांत बसणारी रक्कम बाहेर पाठवितांना आपल्या देशांत जो कर मुळाशींच कापून घेतात, तो आयकराच्या विवरणपत्रांत वळता करून घेतां येतो. म्हणून तोही खर्चांत न लिहितां येणें म्हणून लिहावा आणि त्याचा दाखला जपावा. उलट, राहण्याच्या भाड्यावर निराळा घेतला जाणारा कर हा नक्की खर्च आहे. क्योटो शहरांत असा कर २०१८ पासून आहे आणि आगाऊ भाडें देऊन निश्चिंत झालेल्या प्रवाशापाशीं तो कित्येकदां दारांत गेल्यावर मागतात.

आतां रोजच्या कामाविषयीं दोन शब्द. खातीं सहा-सातांहून अधिक नसावीं: मुक्काम, जेवण, स्थानिक प्रवास, प्रेक्षणीय स्थळें, खरेदी, औषधपाणी आणि किरकोळ. चाळीस खातीं करणारा उत्साही मनुष्य चौथ्या दिवशीं वही मिटून ठेवतो. वही कागदाची असो वा मोबाइलमधील असो, ती इंटरनेटवांचून चालणारी असावी आणि तिची एक प्रत अन्यत्र असावी. दुकानांतील गुळगुळीत कागदावरच्या पावत्या उष्णतेनें उमटविलेल्या असल्यामुळें थोड्याच दिवसांत फिक्या पडतात. त्यांचें छायाचित्र त्याच दिवशीं काढावें. रात्रीं निजण्यापूर्वीं खिशांतील रोकड मोजावी आणि वहीच्या शिलकेशीं ताडून पाहावी. जपानांत सर्वांत लहान नोट १,००० येनांची असल्यामुळें ५०० येनांपर्यंतचीं नाणीं खिशांत सांचतात. तीं चिल्लर समजून सोडूं नयेत, आणि देश सोडण्यापूर्वीं तीं खर्चून टाकावीं, कारण नाणीं परत घेणारा सराफ सहसा भेटत नाहीं. मोजणींत तूट आली तर "हिशेब लागत नाहीं" असें खातें घालून ती प्रांजळपणें तेथें लिहावी. जेवणाचा आकडा फुगवून मेळ जमविला तर रोकड जुळते, पण जेवणाचा भाव खोटा होतो आणि त्या खोट्या भावावर पुढचा महिना चालतो.

शेवटची गोष्ट माणसांची आहे, आणि तीच सर्वांत नाजूक आहे. ज्याच्या हातीं वही असते त्याच्या वांट्यास हळूहळू नकार देण्याचें काम येतें. मूल आइसक्रीम मागतें, बायको रेशमाच्या दुकानापाशीं थांबते, आणि दर वेळीं एकच मनुष्य कपाळाला आठी घालतो. दोन महिने असें चाललें तर सहलीचा आनंद राहत नाहीं, घरांत शीण मात्र सांचतो. म्हणून वही सर्वांस दिसावी. आठवड्यांतून एकदां चौघांनीं बसून ती वाचावी. आणि प्रत्येकास, मुलांसही, आपापल्या इच्छेनें खर्चावयास एक लहान रक्कम द्यावी. ती दिली कीं वहींत खर्ची पडली; पुढें तिचा जाब विचारूं नये. वाटेंत काका-मामांचें कुटुंब येऊन मिळालें, तर प्रत्येक सामाईक खर्चापुढें पैसे कोणीं दिले आणि वांटेकरी किती, एवढें लिहावें व देणें-घेणें शेवटीं एकदांच फेडावें. रोज रात्रीं आप्तांशीं वाद घालण्यापेक्षां तें सुखाचें.

मुलांना तर या वहीचा लाभ भूगोलाच्या पुस्तकाहून अधिक होतो. पाण्याची बाटली, बसचें तिकीट आणि भाताची थाळी यांचे तीन देशांतील भाव त्यांनीं स्वतः लिहिले, म्हणजे कोठें काय स्वस्त आणि कोठें माणसाचे श्रम महाग, हें त्यांना कोणीं शिकवावें लागत नाहीं.

हिशेब ठेवणारा कंजूष असतो, ही समजूत खरी नाहीं. ज्याला आपली शिल्लक ठाऊक नाहीं त्याला प्रत्येक खर्च करतांना धास्ती वाटते. मग तो क्षुल्लक गोष्टींत चिकाटी करतो आणि मोठ्या गोष्टींत फसतो. ज्याला ती ठाऊक आहे तो व्हिएतनामांत वांचविलेल्या आठ-दहा हजारांवर जपानांत एक रात्र उष्णोदकाच्या झऱ्याकांठच्या जुन्या धर्मशाळेवजा घरांत निर्धास्तपणें काढतो, आणि त्या रात्रीं त्याला आकडे आठवत नाहींत. वहीनें एवढें साधलें म्हणजे तिचें काम झालें. ज्यांच्या मनांत असा प्रवास आहे, त्यांनीं निघण्याच्या दिवसाची वाट न पाहतां ती वही तिकिटें काढण्याच्या दिवशींच उघडावी, एवढीच माझी सूचना आहे.