बेदाण्याच्या वखारीचा निर्विष बंदोबस्त

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगावच्या परिसरात, कोरड्या हवेत वाळणारा व २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेला बेदाणा कोल्हापूरच्या घरोघरी पोहोचतो खरा. परंतु मृगाच्या पावसाने येथील हवा दमट झाली, की पतंगाची अळी आणि करवती कडांचा चिमुकला भुंगेरा त्याच्यावर हक्क सांगू लागतात. बेदाण्याच्या वखारींत पूर्वी जगभर दिली जाणारी मिथिल ब्रोमाइडची धुरी ओझोनच्या आवरणास घातक ठरल्याने, माँट्रियल करारान्वये तिच्या सर्वसाधारण वापरास विकसित देशांत २००५ पर्यंत व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत आळा बसला.

निर्विष इलाज मात्र उपलब्ध आहेत: शीतगृहातील सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात कीटकांची वाढ खुंटते, उणे १८ अंशांत काही दिवसांत अंडीसुद्धा नाश पावतात, आणि हवाबंद आवरणातील प्राणवायू एक टक्क्याखाली गेल्यास कीड कालांतराने गुदमरते. गंधसापळे नर पतंगांना आकृष्ट करून प्रादुर्भावाची आगाऊ वर्दी देतात.

गृहिणीने बेदाणा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून आठवडाभर फ्रीजच्या बर्फकप्प्यात ठेवावा. बाहेर काढल्यावर मात्र डबा खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये, अन्यथा आत दव धरून बुरशीस आयतेच निमंत्रण मिळते.