खलनायक किती वेळा मरणार?

रहस्यकथा वाचणे हा आपल्याकडे अजूनही काहीसा चोरून करण्याचा उद्योग मानला जातो. इतिहासाच्या पुस्तकात दडवून वाचलेली काळापहाडाची कथा मास्तरांनी जप्त करावी आणि मधल्या सुट्टीत त्यांनीच ती संपवावी, हा प्रकार परभणी जिल्ह्यातील एका पिढीला मुळीच अपरिचित नाही. या वाङ्मयाविषयी गंभीरपणे बोलू लागले की विद्वान मंडळी नाक मुरडतात. पण ज्या पुस्तकांनी असंख्य माणसांना वाचनाची चटक लावली, तीच पुस्तके त्यांनी पुढे अर्ध्यावर का टाकली, याचा विचार नाक मुरडून होणार नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांची संख्या बाराशेच्या घरात सांगितली जाते. मराठवाड्यात या पुस्तकांना एक वेगळे महत्त्व होते. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९४८ नंतर गावोगावी मराठी शाळा आल्या आणि घराण्यात प्रथमच अक्षर ओळखणारी मुले जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून परभणीस शिकावयास येऊ लागली. त्यांच्या हाती पहिले ऐच्छिक पुस्तक पडले ते बहुधा धनंजय-छोटूचे किंवा झुंजारचे. उर्दूतून शिकलेल्या वडील मंडळींची सोय इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ने १९५२ पासून केलेलीच होती. मनमाड-काचीगुडा मार्गावरील मीटरगेजची गाडी १९९० च्या दशकापर्यंत ज्या संथपणे चाले, तो संथपणा पाहता परभणीहून निघालेल्या माणसाचे एक पुस्तक वाटेत सहज संपत असे!

या वाचकाने लेखकाकडे वास्तवाचा हट्ट कधीच धरला नव्हता. नायकाने दाढी लावून खलनायकाच्याच घरी नोकरी धरावी व खलनायकास संशयही येऊ नये, हे त्याने आनंदाने मान्य केले होते. पुराण आणि कीर्तन ऐकत वाढलेल्या समाजाला अद्भुताचे वावडे असणार तरी कसे? परंतु त्या पुराणांतील अद्भुतालाही एक शिस्त आहे. भीष्मांना इच्छामरणाचा वर आहे हे आपल्याला ते शरपंजरी पडण्याच्या कितीतरी आधी सांगितलेले असते. जरासंध दोन शकलांचा जुळलेला आहे हे त्याच्या जन्मकथेतच येते, म्हणून भीमाने त्याला उभा चिरला की श्रोता मान डोलावतो. अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडता येत नाही, तर व्यासांनी ऐन वेळी भुयार खणून त्याला बाहेर काढलेले नाही. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घातले. जुळा भाऊ आणावयाचा तर वाचकाला आधी त्याची कल्पना द्यावी, असा त्यांतला एक आहे. आमच्या पुराणिकांना हे सांगावे लागले नसते.

लांबलेल्या मालिकेत ही शिस्त सुटते. कड्यावरून पडलेला, स्फोटात जळालेला, समुद्रात बुडालेला खलनायक चौथ्या पुस्तकात पुन्हा हजर होतो आणि ‘मेला तो माझ्यासारखा दिसणारा दुसराच’ असे सांगून मोकळा होतो. त्यातही एक गंमत आहे. वाचक फसतो तो त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींत. पाणबुडी कशी चालते, परदेशी बँकेची तिजोरी कशी उघडते, हे लेखक सांगेल तसे तो मानतो. तहसील कचेरीतल्या कारकुनासमोर मात्र जेव्हा एकाही साक्षीदाराची सही नसलेले मृत्युपत्र येते आणि त्यावर साऱ्या इस्टेटीचा निकाल लागतो, तेव्हा त्याचे मन उठते. मृत्युपत्रास निदान दोन साक्षीदार लागतात हे तो रोज पाहतो. शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात सर्वांना जमवून गुन्हेगाराकडून इन्स्पेक्टरसमोर कबुली घेतली की कथा संपते. पण पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले आणि २०२४ साली त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यानेही तसेच ठेवले. ज्याने एकदा कोर्टाची पायरी चढली आहे त्याच्या लेखी खरी अडचण त्या दिवाणखान्यानंतरच सुरू होते. लेखकाने तेथेच लेखणी ठेवावी, याचा त्याला राग येतो.

सारा दोष लेखकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बाराशे पुस्तके चाळीस वर्षांत वाटली तरी दर बारा दिवसांस एक पडते. या वेगात पंचनाम्याची रीत विचारावयास पोलीस ठाण्यावर कोण जाणार? शिवाय नायक मरू शकत नाही, कारण पुढच्या महिन्याची जाहिरात छापून झालेली असते. कॉनन डॉईल यांनी कंटाळून १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले, तर दहा वर्षांनी त्यांनाच त्याला परत आणावे लागले. इब्ने सफी १९६० ते १९६३ आजाराने लिहू शकले नाहीत, तेव्हा वाचक थांबले. १९८० साली त्यांचे निधन झाल्यावर मात्र त्यांचा इमरान इतरांच्या हाती शेकडो पुस्तके जगत राहिला. या थांबण्यात आणि त्या जगण्यात जो फरक आहे, तो जुन्या उर्दू वाचकाला विचारावा.

दूरचित्रवाणीवर हेच घडले, फक्त परिणाम निराळा झाला. शिवाजी साटम यांची ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे, पंधराशेहून अधिक भाग चालली, आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. दार लाथेने तोडणारा दया आणि क्षणात सारे सांगून टाकणारी प्रयोगशाळा यांवर लोकांनी विनोद रचले, पण बघणे सोडले नाही. पडद्यासमोर बसणाऱ्याचे काही खर्ची पडत नाही. भाजी निवडता निवडता हसता येते. पुस्तकाचे तसे नाही. ते वाचणारा कष्ट घालतो. विशेषतः जो घरातला पहिलाच वाचक आहे, त्याला प्रत्येक पानाची किंमत मोजावी लागते. आपल्याला मूर्ख समजले जात आहे अशी शंका आली की तो तक्रारीचे पत्र लिहीत नाही, पुस्तक मिटतो.

पुस्तक मिटणारा मनुष्य शेजारच्या कपाटाकडे, व्यंकटेश माडगूळकरांकडे वा बी. रघुनाथांकडे आपोआप वळेल, अशी आशा ग्रंथालयशास्त्र जाणणारे बाळगतात. काही वळलेही. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोज इराणी यांच्या कथांवर तरुण वाचक जमवला आणि १९८२ साली ‘दुनियादारी’ दिली, तेव्हा त्यांच्याबरोबर चालत तो वाचक सामाजिक कादंबरीपर्यंत आला. परंतु असे हात धरून नेणारे लेखक थोडे. बाकीच्यांनी एका मालिकेवरचा विश्वास उडाला म्हणून छापील पानच सोडले. दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी शहरातील लहान वाचनालये पुढे बंद पडत गेली, त्याला दूरचित्रवाणी जितकी कारण आहे तितकाच चौथ्यांदा जिवंत झालेला तो खलनायकही आहे.