रोखीचा व्यापारी आणि उधारीचे दशक

१९०२ साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, केमरर नावाच्या खाणकामगारांच्या गावी, जेम्स कॅश पेनी या सव्वीस वर्षांच्या तरुणाने कापडचोपडाचे एक लहानसे दुकान थाटले. गावात खाणकंपनीचे स्वतःचे दुकान होते आणि मजुरांना तेथे पगाराच्या भरवशावर उधार माल मिळे. पेनी यांनी मात्र पहिल्या दिवसापासून एकच नियम पाळला : माल रोखीनेच मिळेल, पण भाव सर्वांना एक आणि वाजवी. उधारीची सवय लागलेल्या गावात हे कसे चालावे? पण चालले. ‘कॅश’ हे नाव त्यांनी व्यापारासाठी घेतलेले नव्हते. ते त्यांच्या वडिलांचेही नाव होते, आणि वडील होते धर्मोपदेशक. १९२९ सालात पेनी यांच्या दुकानांची संख्या १,४०० च्या घरात गेली होती. उधारीने फुगलेल्या त्या दशकात हा रोखीचा व्यापारी मोठा झाला, आणि दशक संपताच तोही पार बुडाला. त्याचे दुकान मात्र बुडाले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी सुबत्ता आली ती खोटी नव्हती. कारखान्यांत वीज आली, उत्पादन वाढले, किमती उतरल्या. १९०८ साली ८५० डॉलरला मिळणारी फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्या आत आली. घरोघरी रेडिओ, धुलाईयंत्र, विजेची इस्त्री दिसू लागली. प्रश्न होता तो पैसे कसे द्यायचे याचा, आणि येथे दोन व्यापाऱ्यांच्या दोन रीती समोरासमोर आल्या. हेन्री फोर्ड यांना कर्जाचा तिटकारा होता. १९२३ साली त्यांनी योजना काढली की गिऱ्हाइकाने दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत साठवावेत आणि पुरेसे साठले की मोटार न्यावी. जनरल मोटर्सने १९१९ सालीच स्वतःची वित्तसंस्था उभारली होती. तेथे मोटार आधी मिळे, हप्ते मागाहून. गिऱ्हाइकाने कोणती रीत पसंत केली हे सांगायला नको. १९२८ मध्ये फोर्डनाही हप्त्याची सोय करणे भाग पडले. दशकअखेर निम्म्याहून अधिक मोटारी हप्त्यांवर विकल्या जात होत्या. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण आधी ठरवायचे असते. त्या काळातील जाहिरातीचे सारे कसब ते परिमाण रोज थोडे वाढवण्यात खर्ची पडत होते.

जनरल मोटर्सच्या त्या वित्तसंस्थेमागे डोके होते जॉन रास्कॉब यांचे. १९२९ च्या ऑगस्टमध्ये स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात त्यांची मुलाखत आली. महिन्याला १५ डॉलर चांगल्या समभागांत घालत राहिल्यास वीस वर्षांत ८०,००० डॉलर होतील, तेव्हा प्रत्येकाने श्रीमंत व्हायलाच हवे, असा तिचा आशय होता. वाचणाऱ्यांना वीस वर्षे थांबायचे नव्हते. शंभर डॉलरचा समभाग दहा-वीस डॉलर रोख देऊन घेता येई. उरलेली रक्कम दलाल कर्जाऊ देई आणि तोच समभाग तारण म्हणून ठेवून घेई. भाव वाढला तर स्वतःच्या दहा डॉलरांचे वीस होत. भाव दहा डॉलरांनी उतरला तर स्वतःचे सारे भांडवल संपे आणि दलालाचा तगादा सुरू होई. १९२९ च्या शरदात दलालांच्या अशा कर्जांचा आकडा ८ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. ३ सप्टेंबरला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर पोहोचला. २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी आणि २९ च्या मंगळवारी बाजार कोसळला. त्या मंगळवारी एक कोटी साठ लाखांहून अधिक समभाग विकले गेले. १९३२ च्या जुलैत निर्देशांक ४१ वर आला.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बारा कोटींच्या त्या देशात दलालाकडे खाते असणारे लोक पंधरा लाखांच्या आसपासच होते. मग ज्यांनी समभाग कधी पाहिलाही नव्हता त्यांच्या चुलीपर्यंत ही आग कशी पोहोचली? उत्तराचा मोठा भाग हप्त्यांत आहे. त्या वेळच्या करारांनुसार हप्ता थकला की विक्रेता वस्तू उचलून नेई आणि आधी भरलेले पैसे सहसा बुडत. अठरापैकी पंधरा हप्ते भरलेला माणूस मोटार जाऊ देणार नाही. नोकरीची धास्ती वाटू लागताच कुटुंबांनी हप्ते चुकते केले आणि बाकी सारे आखडते घेतले : नवा कोट, बूट, खुर्ची, मुलांची खेळणी. कर्ज फिटत होते आणि दुकाने ओस पडत होती. माल उठेना म्हणून कारखान्यांनी माणसे कमी केली, आणि कमी केलेली माणसे पुन्हा गिऱ्हाईक म्हणून दुकानात येईनात. १९३३ पर्यंत काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांपैकी एक जण बेकार होता.

बँकांची कथा तर आपल्यासारख्या पेढीवाल्यांनी सावकाश वाचावी अशी आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ नावाची एक खाजगी बँक होती. नावामुळे ती सरकारी असावी असे अनेक परदेशातून आलेल्यांना वाटे. ती १९१३ साली एका तयार कपड्यांच्या कारखानदाराने काढली होती आणि तिचे खातेदार बहुतांशी त्याच धंद्यातील, त्याच ज्यू समाजातील लहान व्यापारी व कामगार होते. समाजाची बँक, ओळखीची माणसे, म्हणून निर्धास्त ठेवी! संस्थापकाच्या मुलाने शाखा भराभर वाढवल्या आणि पैसा जमीनजुमल्यात व बँकेच्याच समभागांत गुंतवला. १० डिसेंबर १९३० रोजी ब्रॉन्क्समधील एका शाखेत एका दुकानदाराने आपल्याकडील बँकेचे समभाग विकून मागितले; ‘तूर्त विकू नका’ असा सल्ला त्याला मिळाला, आणि बँक पैसे देत नाही अशी आवई त्याने बाहेर उठवली, असे सांगतात. दुपारपर्यंत हजारोंची रांग लागली. दुसऱ्या दिवशी बँक उघडलीच नाही. चार लाखांहून अधिक ठेवीदार अडकले. चालकांपैकी दोघे तुरुंगात गेले. ठेवीदारांना पुढे कैक वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी, चार पंचमांशाहून अधिक रक्कम मिळाली; पण ज्याला सोमवारी सुताच्या गाठोड्याचे पैसे द्यायचे होते त्याला त्याचा काय उपयोग? १९३३ पर्यंत देशातील ९,००० हून अधिक बँका बंद पडल्या.

घरे चालवली ती बहुतांशी स्त्रियांनी. पिठाच्या पोत्यांच्या कापडाचे फ्रॉक आणि उशांचे अभ्रे होऊ लागले; हे ध्यानी येताच गिरणीवाल्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. (व्यापारी बुद्धी मंदीतही झोपत नाही.) मुलामुलींची लग्ने लांबणीवर पडली. इंडियाना राज्यातील मन्सी या शहराचा रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने आधी सुबत्तेत आणि मग मंदीत, असा दोनदा अभ्यास केला. नव्या मोटारींची विक्री कोसळली तरी पेट्रोलची विक्री फारशी उतरली नाही, असे त्यांना आढळले. माणसे जुनी मोटार रेटत राहिली. त्याच शहरात फळे-भाज्या मुरवून ठेवण्याच्या काचेच्या बरण्या होत, आणि त्या कारखान्याच्या मालकांना मंदीची झळ फारशी लागली नाही.

नाक्यावरच्या किराणा दुकानदाराची स्थिती विचित्र होती. रोखीने विकणारी मोठी साखळी-दुकाने तगून राहिली. हा मात्र गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होता. त्याच्या मुलांना उपाशी कसे ठेवणार? तो वहीत लिहीत राहिला. कित्येकांची दुकाने त्या वहीसकट बंद झाली.

याच काळात आयोवातील शेतकरी मका कोळशाहून स्वस्त पडतो म्हणून तो जाळून ऊब घेत होते, आणि शहरांत फुकट सूपसाठी रांगा लागत होत्या. १९३३ मध्ये भाव वर यावेत म्हणून सरकारने साठ लाखांहून अधिक डुकरांची पिल्ले विकत घेऊन मारली. बाजारभाव सावरण्यासाठी एवढी जीवहिंसा! आपल्या वाचकांना हा तपशील गिळता येणार नाही. तेव्हा तो अनेक अमेरिकनांनाही गिळता आला नव्हता.

१९३३ च्या मार्चमध्ये नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. १२ तारखेच्या रात्री त्यांनी रेडिओवरून साध्या शब्दांत समजावले की बँक तुमचा पैसा तिजोरीत कोंडून ठेवत नाही, तो कर्जाऊ देते. बँका उघडल्या तेव्हा लोक गाद्याखालचा पैसा परत भरायला रांगेत उभे होते. पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. आपल्याकडे १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर हीच व्यवस्था १ जानेवारी १९६२ पासून आली. आज तिची मर्यादा पाच लाख रुपये आहे.

आणि पेनी? त्यांच्या कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले ते २३ ऑक्टोबर १९२९ रोजी, कोसळण्याच्या आदल्या दिवशी. दुकानात उधारी नाही म्हणजे नाही, असे म्हणणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः मात्र समभागांच्या तारणावर मोठी कर्जे काढली होती. चैनीसाठी नव्हे, फ्लोरिडातील शेतीवसाहत, निवृत्त धर्मोपदेशकांसाठी निवासस्थान, दानधर्म. दानासाठी काढलेले कर्जही कर्जच असते, हे समभाग उतरताच उमगले. ते अध्यक्ष असलेली मायामीतील बँक १९३० च्या डिसेंबरात बुडाली. जवळजवळ सारी संपत्ती गेली, प्रकृती ढासळली, आणि मिशिगनमधील एका आरोग्यधामात त्यांना राहावे लागले. दुकाने मात्र चालू होती. ज्यांच्या वहीत कोणाचे येणे नव्हते त्यांचे काय बुडणार?

बरे होऊन ते आपल्याच नावाच्या कंपनीत पुन्हा कामाला लागले आणि दुकानादुकानांत हिंडत राहिले. १९५८ साली त्या दुकानांनी प्रथमच गिऱ्हाइकाला उधारीचे खाते दिले, तेव्हा पेनी ऐंशीच्या पुढे होते. निर्देशांकाने १९२९ ची उंची पुन्हा गाठून तोवर चार वर्षेही झाली नव्हती.