ठकाची फी त्याच्याच गल्ल्यातून

गेल्या वर्षी आटपाडीच्या आमच्या दुकानाला परदेशातून एक ई-मेल आला. लिहिणारी म्हणे एका मरहूम सेनाधिकाऱ्याची बेवा. बँकेत ९० लाख डॉलर अडकलेले, निम्मे आमचे. फक्त वकिलाच्या फीचे ४० हजार रुपये पेशगी पाठवायचे.

मुलाने एक वेगळा ई-मेल पत्ता काढून दिला. त्यावरून आम्ही अदबीने कळवले, "बाईसाहेब, ४० हजार आमच्या हिश्श्यातून कापून घ्या, उरलेले पाठवा. वर एक इरकली लुगडे आमच्याकडून भेट." उत्तर आले, तसा नियम नाही. आम्ही लिहिले, आमच्या दुकानाचाही नियम आहे : जुनी बाकी आल्याशिवाय नवी उधारी नाही. चौथ्या पत्रानंतर बाई गप्प झाल्या.

हा धंदा जुना आहे. पूर्वी अशी पत्रे टपालाने आणि फॅक्सने येत. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील फसवणुकीच्या कलमावरून त्याला '४१९' हे नाव पडले.

पत्र इतके भाबडे का असते? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचा हिशेब मांडला. हजारो पत्रे पाठवायला खर्च जवळजवळ नाही; खरा खर्च उत्तर देणाऱ्याच्या मागे लागण्यात होतो. म्हणून गोष्टच अशी रचायची की शहाणा माणूस हसून सोडून देईल आणि भोळा तेवढा उरेल. म्हणजे ठकाचे भांडवल त्याचा वेळ. पैसे न देणारा गिऱ्हाईक त्याला तोट्यात घालतो.

इंग्लंडचे विनोदी कलाकार जेम्स व्हीच यांनी हेच केले. २०१५ च्या एका भाषणात त्यांनी किस्सा सांगितला. एक ठक त्यांना सोने देऊ करत होता. यांनी उलट एक टन मागितले आणि गुप्ततेसाठी वकील, बँक यांना गोळ्या-चॉकलेटांची नावे दिली. शेवटी ठकही त्याच भाषेत पत्रे लिहू लागला!

पण गंमत बेताने करावी. आपले नाव, पत्ता, खाते कळवू नये. ठकाकडून पैसा आला तरी घेऊ नये. तो दुसऱ्या फसलेल्याचा असू शकतो आणि आपले खाते गोठू शकते.

सगळेच ठक मात्र असे हसण्यासारखे नसतात. आमच्या ओळखीच्या एका शिंप्याला गणवेशांची मोठी ऑर्डर आली. "बयाणा पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका." त्याने टाकला, आणि महिन्याची कमाई गेली. ध्यानात ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. फसगत झालीच तर लाज न धरता ताबडतोब १९३० वर फोन करावा. उशीर झाला नसेल तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते.

आमच्या भागातील गलाईवाले देशभर सोने-चांदी गाळतात. चकाकी पाहून ते पैसे मोजत नाहीत. आधी गाळतात, कस पाहतात. प्रत्येक घबाडाला हीच कसोटी लावावी : "फी माझ्याच रकमेतून कापून घ्या." खरा सौदा असेल तर वाट निघेल. खोटा असेल तर समोरचा आपोआप दुकान बंद करील.