मोटारीची डुलणारी पुली

गणपतीच्या दिवसांत कोल्हापुराहून निघालेली वीस-पंचवीस वर्षांची एखादी मोटार अणुस्कुऱ्याचा घाट उतरते आणि राजापुरावरून नाटे गांवीं येऊन पोंचते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं इंजिन सुरू करावें तों पुढल्या अंगास खडखड ऐकूं येते. बॉनेट उचलून पाहिलें तर पट्टा फिरविणारी तळाची पुली डुलत असते. साखरी नाट्याच्या बंदरांत होड्यांचीं इंजिनें हाताळणारे जाणते हात आहेत, पण नुसत्या आवाजावरून तेहि काय सांगणार? कुणी म्हणतो, बेअरिंग गेलें, सारें इंजिन खोला. कुणी म्हणतो, कांहीं नाहीं, चालूं द्या. दोन्ही सल्ले महाग पडण्याजोगे आहेत. पहिल्यानें हजारों रुपये नाहक जातील. दुसऱ्यानें परततांना घाटाच्या ऐन चढावर पट्टा निसटेल, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असल्यामुळें इंजिन तापून बसेल.

ही पुली क्रँकशाफ्टच्या पुढल्या टोकावर बसविलेली असते. सिलिंडरांतील प्रत्येक स्फोटाचा हिसका बसून तो पोलादी दांडा केंसभर पिळला जातो आणि पुन्हा सुटतो. ओटीवरच्या झोपाळ्याला नेमक्या वेळीं हलका धक्का देत गेलें कीं झोंका वाढत जातो. तसेच विशिष्ट वेगाला हे पीळ वाढत जातात, आणि प्रसंगीं दांडा मोडतोहि. इंग्रज यंत्रविशारद फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९१० च्या सुमारास हे पीळ शोषून घेणाऱ्या चक्राची युक्ति काढली. पुढें अनेक गाड्यांत पुलीकडेच हें काम आलें: आंत तुंबा, बाहेर जड कडें, आणि दोहोंमध्यें रबराचा थर. उष्णता, गळणारें तेल आणि वय यांनीं तें रबर भेगाळतें, आणि कडें सैल होऊन डुलूं लागतें. सर्वच गाड्यांत अशी जोडपुली नसते. ती एकसंध असेल तर रबराचा संशय तेथेंच सोडावा.

प्रथम दोष खरोखर याच पुलीचा आहे काय, हें ठरवावें. थंड इंजिनाचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिटच चालवावें. पंप थांबलेला असल्यामुळें अधिक वेळ नको. आवाज गेला तर दोष पट्ट्याचा, पंपाचा किंवा डायनामोचा. आवाज आणि डुलणें कायम राहिलें, तर लक्ष मधल्या बोल्टाकडे द्यावें. बोल्ट स्थिर फिरतो आणि कडेंच डुलतें, तर रबर गेलें. तुंबाहि हलतो, तर बोल्ट सैल झाला आहे, किंवा तुंब्याला दांड्याशीं जखडणारी पोलादाची लहान चावी झिजली आहे. तिसरी परीक्षा दोघांनीं करावयाची: इंजिन बंद असतां एकानें क्लच दाबावा, दुसऱ्यानें पुलीकडे पाहावें. पुली ठळकपणें पुढें सरकली, तर झीज खुद्द इंजिनाच्या आंत आहे, आणि इंजिन खोला म्हणणाराच बरोबर ठरतो. हें सर्व पाहतांना पदर, उपरणें आणि बोटें पट्ट्यापासून दूर असावींत, हें सांगावयास नकोच.

रबराचा दोष आणखी एका रीतीनें पक्का करतां येतो, आणि तिला खडूच्या एका तुकड्याखेरीज कांहीं लागत नाहीं. तुंब्यावरून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढावी, पट्टा चढवून गाडी थोडी चालवावी, मग पाहावें. रेघ मध्येंच तुटून दोन ठिकाणीं दिसली, तर कडें तुंब्यावर घसरत आहे. मात्र रेघ अखंड राहिली म्हणून रबर शाबूत आहे असें समजूं नये. ही घसरण साधी नव्हे. प्रज्वलनाची वेळ दाखविणारी खूण अनेक गाड्यांत कड्यावरच कोरलेली असते. कडें सरकलें कीं ती खूण खोटें सांगूं लागते. गाडी ओढत नाहीं म्हणून प्रामाणिक मिस्त्री त्या खुणेप्रमाणें वेळ लावतो, आणि गाडी अधिकच बिघडते. बिचाऱ्याच्या हाताला नसता दोष येतो.

सुटलेलें कडें ठोकून वा जोडकाम करून टिकत नाहीं. पुलीच बदलावी लागते. मारुती ८०० आणि ॲम्बॅसॅडर या दोन्ही गाड्या बनणें २०१४ सालीं थांबलें, तेव्हां अशा गाडीचा भाग शोधावा लागेल हें धरून चालावें. तोंवर गाडी घाटांत नेऊं नये. नुसता बोल्टच सैल असेल तर काम सोपें, पण तो आंवळण्यापूर्वीं चावी व तिची खांच पाहून घ्यावी. पुली उतरवितांना ओढणीचे आंकडे बाहेरच्या कड्याला लावूं नयेत. धड रबरहि त्यानें फाटतें. नवी पुली चढल्यावर प्रज्वलनाची वेळ पुन्हा लावून घ्यावी, कारण आधींची वेळ त्या खोट्या खुणेवरून लावलेली असण्याचा संभव आहे.