कोअर जास्त की गीगाहर्ट्झ जास्त?

फलटणच्या पोरांना ऊसतोड नवी नाही. फड मोठा असला की मुकादम एकच तगडा गडी लावत नाही, वीस कोयते लावतो. प्रत्येक जोडी आपल्या सरीत, कुणी कुणासाठी थांबत नाही. पण भरलेली ट्रॉली फडाबाहेर काढायची वाट एकच. तिथे वीस कोयत्यांचा उपयोग शून्य, ट्रॅक्टरच दमदार पाहिजे.

एडिटिंग किंवा थ्रीडीसाठी पीसी घेताना नेमका हाच हिशेब करायचा असतो. कोअर म्हणजे कोयते, क्लॉक स्पीड म्हणजे ट्रॅक्टरचा दम.

ब्लेंडरचं सायकल्स इंजिन प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश वेगळा मोजतं. त्यामुळे असतील तेवढे कोअर ते कामाला जुंपतं. 24 फ्रेमच्या हिशेबाने 10 सेकंदांचं ॲनिमेशन म्हणजे 240 फ्रेम. एका फ्रेमला 5 मिनिटं धरली तरी 20 तास झाले! इथे तशाच वेगाचे दुप्पट कोअर मिळाले, तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो. पण मॉडेलिंग करताना, मॉडिफायर लावताना बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. तिथे गीगाहर्ट्झ कामाला येतात.

मग सरळ जास्त कोअर घ्यावेत का? जीन अमडाल यांनी 1967 मध्येच याची मर्यादा दाखवली होती. समजा, एका कोअरवर 10 तासांचं काम आहे आणि त्यातला 1 तास वाटून देताच येत नाही. 8 कोअरवर ते साधारण 2 तास 8 मिनिटांत होईल आणि 16 कोअरवर 1 तास 34 मिनिटांत. कोअर दुप्पट, बचत फक्त अर्ध्या तासाची.

नुसत्या स्पीडलाही मर्यादा आहेच. चिप फार तापते. इंटेलने 4 गीगाहर्ट्झच्या पेंटियम 4 चा बेत 2004 मध्ये सोडला आणि पुढे सगळे मल्टिकोअरकडे वळले. पुण्याच्या सी-डॅकने तर ही वाट आधीच धरली होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तयार झालेला ‘परम 8000’ अनेक छोट्या प्रोसेसरना एकत्र जुंपूनच सुपरकॉम्प्युटर झाला.

तर मग घ्यायचं काय? आधी मित्राच्या किंवा लॅबमधल्या पीसीवर तुमचीच फाइल चालवा आणि टास्क मॅनेजर उघडा. रेंडर करताना सीपीयू 100 टक्क्यांना टेकला, तर कोअर वाढवा. काम अडखळतंय, पण सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवरच आहे आणि रॅम, डिस्क निवांत, तर एका कोअरचा वेग बघा. रेंडर ग्राफिक्स कार्डवरच होत असेल, तर जादा कोअरचे पैसे तिकडे वळवा. आणि गीगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीतल्या चिपमध्ये करा. नवी चिप तेवढ्याच गीगाहर्ट्झवरही जास्त काम उरकते.

घरच्यांनी पै-पै जोडून दिलेले पैसे असतात, मित्रांनो. बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. आपलं काम कुठे अडतंय ते आधी बघा.